पिढीजात टोमॅटो

हेअरलूम टोमॅटो म्हणजे घरोघरी बी राखत, हातोहाती देत आलेले टोमॅटोचे जुने वाण. मराठीत त्यांना पिढीजात वाण म्हणता येईल. बियाण्याच्या दृष्टीने हे सगळे सरळ वाण असतात. फळातले बी काढून पेरले, तर पुढच्या हंगामात तशाच झाडाला तशीच फळे लागतात. संकरित वाणाचे तसे नसते. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून तयार केलेले बी पहिल्या पिढीत एकसारखी, जोमदार झाडे देते, पण त्या झाडांचे बी पेरले की मूळ वाणांचे गुण वाटेल तसे विखुरतात. त्यामुळे दर हंगामाला नवी पुडी विकत घेणे भाग पडते.

वाण किती जुना असला म्हणजे पिढीजात ठरतो, याबद्दल एकमत नाही. कोणी पन्नास वर्षांची अट घालतात, तर कोणी दुसऱ्या महायुद्धानंतर संकरित बियाण्याचा प्रसार सुरू झाला, ती सीमारेषा मानतात. अमेरिकेतील बर्पी या बियाणे कंपनीने ‘बिग बॉय’ हा संकरित टोमॅटो १९४९ मध्ये विक्रीस आणला आणि त्यानंतर घरगुती बागांमधूनही जुने वाण हळूहळू मागे पडू लागले. टॉम वॅग्नर यांचा ‘ग्रीन झेब्रा’ हा हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा टोमॅटो १९८३ मधला. वयाने तो पिढीजात नाही, पण सरळ वाण असल्यामुळे जुन्यांच्या यादीत त्याला बिनतक्रार जागा मिळाली आहे. परसबागेच्या दृष्टीने हे योग्यच म्हणावे लागेल. तिथे वाणाच्या वयापेक्षा त्याचे बी धरता येते की नाही, याला महत्त्व आहे.

टोमॅटोचे रानटी भाईबंद दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, पेरू आणि इक्वेडोरच्या पट्ट्यात आढळतात. मोठ्या फळाचे लागवडीखालील पीक म्हणून तो घडला मेक्सिकोत. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात तो युरोपात नेला आणि मात्तिओली या इटालियन वनस्पतिज्ञाने १५४४ मध्ये त्याची लेखी नोंद केली. त्या काळचे मोठे टोमॅटो चपटे, खोल कंगोऱ्यांचे असत. गुळगुळीत, गोल, एकसारखे फळ ही बरीच अलीकडची आवड आहे. ओहायोतील अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन यांनी वर्षानुवर्षे निवड करून १८७० मध्ये ‘पॅरागॉन’ हा वाण आणला. फळाचा एकसारखेपणा हाच त्याचा मोठा गुण मानला गेला. बाजाराला हवा तसा टोमॅटो घडवण्याचे काम तेव्हापासून अव्याहत चालू आहे. बाजाराच्या या वाटेवर जे वाण गेले नाहीत आणि लोकांनी निव्वळ खाण्यासाठी जपले, त्यांतले बरेचसे आज पिढीजात म्हणून ओळखले जातात.

या वाणांच्या मागे माणसांच्या हकिकती असतात आणि त्यांतल्या काही तपासूनच घ्याव्या लागतात. ‘ब्रँडीवाइन’ हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. त्याला बटाट्यासारखी सलग कडांची पाने आणि अर्ध्या किलोपर्यंत भरणारी गुलाबी फळे येतात. त्याचा संबंध अमेरिकेतील आमिश लोकांशी जोडण्याची प्रथा आहे, पण त्याला भक्कम पुरावा नाही. आज सर्वत्र लावला जाणारा ब्रँडीवाइन टेनेसीतील एका कुटुंबाने ऐंशीहून अधिक वर्षे राखलेल्या बियाण्यातून आला आणि १९८२ मध्ये तो ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या संस्थेकडे पोहोचला. डायेन आणि केंट व्हीली या दांपत्याने १९७५ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेचे मूळही घरगुतीच आहे. डायेन यांच्या आजोबांनी त्यांना ‘जर्मन पिंक’ टोमॅटोचे आणि एका निळ्या-जांभळ्या फुलवेलीचे बी दिले. घराण्याने ते बव्हेरियातून अमेरिकेत आणले होते. आजोबांमागे ते कोणी पेरले नसते, तर दोन्ही वाण संपले असते, हे लक्षात आल्यावर देशभरातून असे बी गोळा करण्याचे काम सुरू झाले. महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांच्या बियाण्यांसाठी असेच काम उभे केले. त्यासाठी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

‘मॉर्गेज लिफ्टर’ हे नाव तर सरळ कर्जफेडीवरून पडले आहे. वेस्ट व्हर्जिनियातील लोगन इथे मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करणारे एम. सी. बाइल्स यांनी १९३०च्या दशकात एक झाड मधोमध आणि बाकीची भोवती गोलाकार लावून मोठ्या फळांच्या वाणांचा संकर केला. मग निवड करत करत त्यांनी सरळ वाण स्थिर केला. एकेक रोप एक डॉलरला विकून त्यांनी सहा वर्षांत घरावरचे ६,००० डॉलरचे कर्ज फेडले, असे सांगतात. शेतकीचे शिक्षण नसलेल्या माणसाचे हे काम होते. पिढीजात वाण आपोआप तयार होत नाहीत. त्यांच्या मुळाशी कोणाची तरी नजर आणि चिकाटी असते.

‘चेरोकी पर्पल’ हा मातकट जांभळ्या रंगाचा टोमॅटो १९९० मध्ये क्रेग लेहूलिए या हौशी बागाइतदाराकडे टपालाने आला. पाठवणारे गृहस्थ टेनेसीतले होते. शंभर वर्षांपूर्वी चेरोकी लोकांकडून हे बी मिळाले, एवढीच माहिती त्यासोबत होती. लेहूलिए यांनी त्याचे नाव ठेवले आणि बियाणे विक्रेत्यांपर्यंत तो पोहोचवला. पुढे १९९५ मध्ये त्यांच्याच बागेत एका झाडाला जांभळ्याऐवजी विटकरी तपकिरी फळे आली. बदल झाला होता तो फक्त सालीत.

सालीतल्या एका बदलाने फळाचा रंगच कसा पालटतो, हे समजले की पिढीजात टोमॅटोच्या रंगांचे कोडे बरेच सुटते. टोमॅटोचा रंग हा गराचा आणि सालीचा मिळून दिसणारा रंग असतो. लाल गरावर पिवळी साल आली की नेहमीचा लाल टोमॅटो दिसतो. त्याच लाल गरावर बिनरंगाची साल असेल, तर तो गुलाबी. ब्रँडीवाइन या प्रकारचा. काही वाणांत फळ पिकताना हरितद्रव्य पुरते विरघळत नाही. ते लायकोपिन या लाल रंगद्रव्यात मिसळून गराला तपकिरी झाक देते. त्यावर बिनरंगाची साल आली की चेरोकी पर्पलसारखा जांभळट टोमॅटो आणि पिवळी साल आली की क्रिमियातल्या ‘ब्लॅक क्रिम’सारखा काळपट तपकिरी. गरात लायकोपिन बनतच नसेल तर फळ पिवळे राहते. काही नारिंगी वाणांत लायकोपिन बनते, पण त्याच्या रेणूची घडण वेगळी असते.

चवीचा हिशेब इतका सोपा नाही, तरी एक धागा पक्का सापडला आहे. जुन्या वाणांच्या कच्च्या फळाचे खांदे, म्हणजे देठाजवळचा भाग, गडद हिरवे असतात. पिकतानाही तो भाग मागे राहतो आणि फळ दुरंगी दिसते. बाजाराला ते नको होते. म्हणून विसाव्या शतकात पैदासकारांनी एकसारखे फिकट हिरवे, एकाच वेळी सगळीकडून लाल होणारे फळ निवडले. या निवडीत एक जनुक निकामी झाले होते, असे २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील संशोधनाने दाखवले. कच्च्या फळात हरितलवके वाढवणारे ते जनुक होते आणि त्याच्याबरोबर फळातील साखर व रंगद्रव्येही घटली होती. हिरवे खांदे हा चवीचा दाखला नव्हे, पण ते दिसले म्हणून फळ नाकारण्याचेही कारण नाही. टोमॅटोचा वास अनेक सूक्ष्म बाष्पशील द्रव्यांनी बनतो. उत्पन्न, टणकपणा आणि टिकाऊपणा यांच्या मागे लागलेल्या निवडीत त्यांच्याकडे कोणी पाहिलेच नाही.

पातळ सालीचे, रसाळ फळ खायला उत्तम आणि ट्रकमध्ये भरायला निरुपयोगी असते. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून क्रेटमध्ये रचून शेकडो किलोमीटर जाणाऱ्या टोमॅटोला चेरोकी पर्पलची साल परवडणार नाही. परसबागेत झाड ते ताट हे अंतर चार पावलांचे असते, त्यामुळे तिथे हा दोष उरतच नाही. रोगांच्या बाबतीत मात्र सवलत नाही. संकरित वाणांत मर रोग, सूत्रकृमी आणि काही विषाणूंना प्रतिकार करणारी जनुके मुद्दाम आणलेली असतात. पिढीजात वाणांत बहुधा ती नसतात. हे मान्य करूनच लागवडीला हात घालावा.

महाराष्ट्रात या वाणांचे यश हंगामावर ठरते. अमेरिका-युरोपातून आलेले बहुतेक वाण तिकडे उन्हाळी पीक आहेत, पण तिकडचा उन्हाळा आणि आपल्याकडचा हिवाळा तापमानाने जवळजवळ सारखेच. फळधारणेला दिवसा २१ ते ३० आणि रात्री १५ ते २० अंश सेल्सियस तापमान मानवते. दिवसाचा पारा ३५ च्या वर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. ३० अंशांच्या पुढे लायकोपिनही नीट बनत नाही, फळे पिवळट राहतात. त्यामुळे मे महिन्यात ब्रँडीवाइनची फळे काढण्याचा हट्ट धरू नये. मोठ्या फळाच्या वाणाला पुनर्लागवडीपासून पहिले पिकलेले फळ यायला ८० ते १०० दिवस लागतात. हा हिशेब धरला की पंचांगच वेळापत्रकाला पुरते. गणपतीच्या सुमारास बी टाकावे आणि साधारण पाच आठवड्यांनी, दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की रोपे लावावीत. फुले दिवाळीनंतरच्या थंडीत येतात आणि तोडा जानेवारी-फेब्रुवारीत मिळतो. कोकणात रात्री तितक्या थंड नसतात. तिथे आणि विदर्भातही सुरुवातीला चेरी किंवा मध्यम फळाचे वाण धरणे शहाणपणाचे, कारण ते उष्णतेला जास्त काळ तोंड देतात. सॉससाठी इटलीतील ‘सान मार्झानो’ हा लांबट, कमी बियांचा वाण घेता येतो.

परदेशी बी मिळत नसेल, तर थांबण्याची गरज नाही. आठवडी बाजारात क्वचित दिसणारा चपटा, कंगोरेदार, आंबट गावठी टोमॅटो याच जातकुळीतला आहे. भारतीय संशोधन संस्थांचे सरळ वाणही आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा रूबी’ हा ‘सू’ या अमेरिकी आणि ‘सुधारित मेरठी’ या देशी वाणांच्या संकरातून स्थिर केलेला आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘भाग्यश्री’ आणि ‘धनश्री’ आहेतच. काटेकोर अर्थाने हे पिढीजात नाहीत, पण त्यांचे बी घरी धरता येते आणि इथल्या हवेला ते सरावलेले आहेत.

बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. कोकोपीट आणि गांडूळ खत भरलेल्या ट्रेमध्ये ते पाच ते दहा दिवसांत उगवते. भाद्रपदातल्या दमट हवेत रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. पाणी जरुरीपुरते देणे आणि हवा खेळती ठेवणे हाच त्यावर पहिला उपाय, ट्रायकोडर्मा ही रोगनाशक बुरशी दुसरा. रोपांवर ४० ते ५० मेशची बारीक जाळी टाकणे फार महत्त्वाचे आहे. पाने आक्रसून झाड खुजे करणारा पर्णगुच्छ रोग पांढरी माशी पसरवते आणि रोपवाटिकेतच लागण झालेले झाड पुढे फळ देत नाही.

रोप लावताना ते खोल लावावे. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळे फुटतात, म्हणून खालची पाने खुडून खोडाचा निम्मा भाग मातीत गाडला तरी चालते. उंच, लुकडी झालेली रोपे अशीच वाचतात. पिढीजात वाणांतले बहुतेक सतत वाढणारे असतात. त्यांना कुंडी मोठीच हवी, निदान ४० लिटरची. जागा दक्षिणेकडची निवडावी, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि उत्तरेच्या गॅलरीत सहा तासांचे ऊन मिळत नाही. मातीत मुरलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरते. नत्र जास्त झाले तर झाड माजते, पानेच पाने येतात आणि फुलांचा पत्ता नसतो. दोन मीटरपर्यंत वाढणाऱ्या झाडाला बांबूचा आधार द्यावा आणि सुतळीने सैल बांधत जावे. पानाच्या बगलेतून निघणारी फूट खालच्या बाजूने काढत राहिल्यास हवा खेळते. सगळीच बगलफूट काढण्याची मात्र गरज नाही. आपल्याकडच्या उन्हात फळांना पानांची सावली लागते.

पाण्याचा अनियमितपणा हे निम्म्या तक्रारींचे मूळ आहे. फळाचे बूड काळे पडून चामड्यासारखे होते, ते वाढत्या फळाला कॅल्शियम कमी पोचल्यामुळे. त्यावर अंड्याची टरफले घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. टरफले फार सावकाश कुजतात आणि महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनीत चुनखडी बहुधा भरपूर असते. अडचण कॅल्शियम फळापर्यंत पोचण्याची असते आणि पोचवते पाणी. कधी कोरडे, कधी चिखल असे झाले की कॅल्शियम अडते. फळे तडकतात तेही यामुळेच, विशेषतः अवकाळी पाऊस झाल्यावर. बुंध्याशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवले की दोन्ही गोष्टी पुष्कळ कमी होतात.

टोमॅटोचे फूल स्वतःच फळते. परागकोश जुळून त्यांची नळी झालेली असते आणि ती थरथरली की आतून पराग झडतो. वारा हे काम करतो, काळा भुंगाही पंखांच्या स्नायूंच्या थरथराटाने ते करतो. मधमाशीला मात्र ही कला अवगत नाही. बंदिस्त गॅलरीत सकाळी उशिरा फुलांचे घोस बोटाने टिचकावले तरी भागते.

किडींत फळ पोखरणारी हिरवी अळी नेहमीची. तिच्यासाठी टोमॅटोच्या आधी पेरून ठेवलेला झेंडू सापळा म्हणून उपयोगी पडतो, कारण मादी त्याच्या कळ्यांवर अंडी घालणे पसंत करते. शेतात १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ अशी शिफारस आहे, बागेत चार कुंड्या पुरतात. ‘टुटा’ ही पान आणि फळ दोन्ही पोखरणारी दक्षिण अमेरिकी कीड २०१४ मध्ये महाराष्ट्रात आढळली आणि आता कायमची राहायला आली आहे. नागमोडी चट्ट्यांची पाने दिसताच तोडून नष्ट करावीत. पिवळे चिकट सापळे आणि ५ टक्के निंबोळी अर्क पांढऱ्या माशीला आवर घालतात. ढगाळ, दवाच्या दिवसांत करपा येतो. त्यासाठी पाणी पानांवर न देता बुंध्याशी, सकाळी द्यावे.

फळ झाडावरच पूर्ण लाल होईपर्यंत थांबणे हा पक्षी आणि पावसाला दिलेला नजराणाच. निम्मा रंग फिरला की ते घरात आणून पिकवावे, चवीत कमीजास्त होत नाही. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये. आठवडाभर ५ अंशांच्या आसपास ठेवलेल्या टोमॅटोत वास बनवणारी जनुके मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही वास पुरता परत येत नाही.

बी धरणे हा या लागवडीतला शेवटचा टप्पा आणि दर्जा त्यावरच टिकतो. निवड फळाची न करता झाडाची करावी. निरोगी, वाणाशी जुळणाऱ्या दोन-तीन झाडांची फळे घ्यावीत. टोमॅटोत परपरागण कमी होते, तरी मोठ्या, चपट्या फळांच्या वाणांत फुले जोडफुले असतात आणि त्यांचा स्त्रीकेसर नळीबाहेर डोकावतो. असे वाण एकमेकांपासून आठ-दहा मीटर दूर हवेत. जागा नसेल तर फूल उमलण्याआधीच घोसावर मलमलीची छोटी पिशवी बांधावी आणि फळ धरल्यावर त्याच्या देठाला दोरा बांधून खूण ठेवावी.

पूर्ण पिकलेल्या फळाचा बियांसह रस काचेच्या बरणीत काढून दोन-तीन दिवस तसाच ठेवावा. तो आंबतो, वर साय धरते, वासही येतो. या आंबण्यात बीभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते. ते बियांना उगवू देत नाही, शिवाय काही रोगजंतूही आंबण्यात मरतात. तीन दिवसांपुढे ठेवले तर बी बरणीतच मोड काढते. म्हणून त्याआधीच पाणी घालून ढवळावे, तरंगणारे पोचट बी ओतून द्यावे आणि तळाचे भरलेले बी काचेच्या बशीत सावलीत वाळवावे. कागदावर ते चिकटून बसते. पूर्ण वाळल्यावर वाणाचे नाव आणि वर्ष लिहून हवाबंद डबीत ठेवावे. नाव लिहायला विसरले की वाण हरवला असेच समजावे.

असे बी देवघेव करण्याला कायद्याची आडकाठी नाही. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांनी खिशात बी आणणे ही गोष्ट मात्र वेगळी. त्यासाठी वनस्पती विलगीकरणाचे नियम आहेत आणि ते निरर्थक नाहीत. गेल्या दशकात मध्यपूर्वेत प्रथम आढळलेला टोमॅटोचा ब्राउन रुगोज विषाणू मुख्यतः बियाण्यातून देशोदेशी पसरला आहे.

कोरड्या, थंड जागी ठेवलेले बी चार-पाच वर्षे चांगले राहते. पेरणीच्या दोन आठवडे आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. सातापेक्षा कमी उगवल्या, तर पेरताना बी जास्त घ्यावे आणि त्या हंगामात इतर काही टाळावे लागले तरी हा वाण लावून त्याचे बी ताजे करून घ्यावे.